पुण्यात मेक्सिकन खायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरात कुणी 'या वेळी मेक्सिकनला जाऊ या' म्हटलं की दुसऱ्या दिवसापासून मला फोन यायला लागतात. आईला चालेल असं काही मिळेल का? फार तिखट असतं का? गाडी कुठे लावायची? कोरेगाव पार्क, बाणेर, विमाननगर, कल्याणीनगर या भागांतल्या मेक्सिकन हॉटेलांत मी आजवर ऑफिसातल्या मैत्रिणी, भाचरं, नवऱ्याचे मामा-मामी आणि सत्तरी ओलांडलेली माझी आत्या, अशा सगळ्यांना घेऊन गेले आहे. या जेवणावर माझा जीव आहे. चुकीची ऑर्डर देऊन कुणी 'काय ते, नुसतं चीज' म्हणत परत आलं की मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून हे प्रश्न आणि त्यांची उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

मेक्सिकन म्हणजे नाचोज, चीज आणि राजमा, एवढंच ना?

नाही. मेक्सिकोच्या घरातलं रोजचं जेवण मका, घेवड्याच्या जातीची कडधान्यं आणि मिरची यांवर उभं आहे. चौथा भोपळा. मका, घेवडा आणि भोपळा तिथले शेतकरी परंपरेने एकाच वावरात लावत आले. त्या शेताला 'मिल्पा' म्हणतात. घेवड्याचा वेल मक्याच्या ताटावर चढतो, भोपळ्याची पानं जमीन झाकून ओल धरून ठेवतात. आपल्याकडे ज्वारीत तूर घेतात, त्यामागचं शहाणपण याच जातीचं. मका हे पीकच मुळात मेक्सिकोचं. सुमारे ९,००० वर्षांपूर्वी तिथल्या माणसांनी टिओसिंते नावाच्या रानगवतापासून ते घडवलं. २०१० साली युनेस्कोने मेक्सिकोच्या पारंपरिक स्वयंपाकाला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं, तेव्हा मान मिळाला तो या शेताला आणि त्यातून चुलीपर्यंत येणाऱ्या सगळ्या कृतींना.

नाचोज त्या मानाने कालचे. १९४३ साली टेक्सासच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या मेक्सिकन गावात इग्नासिओ आनाया यांनी अवेळी आलेल्या गिऱ्हाइकांसाठी हाताशी होते ते टॉर्टियाचे तुकडे, चीज आणि हालापेन्यो मिरची एकत्र करून वाढली. इग्नासिओचं लाडाचं नाव नाचो, म्हणून नाचोज.

पुण्यात मिळतं त्यातलं बरंचसं 'टेक्स-मेक्स', म्हणजे टेक्सासमध्ये वाढलेलं मेक्सिकन. पिवळं वितळलेलं चीज, कडक टॅको शेल, भरपूर जिरं ही त्याची खूण. ते चविष्ट असतं, मीही आवडीने खाते. पण मेनूकार्डावर त्याच्या पलीकडचं काही असेल तर ते सोडून नाचोजवर पोट भरू नका, एवढंच माझं कळकळीचं सांगणं.

टॉर्टिया म्हणजे मक्याची भाकरीच ना?

दिसायला हो, करायला नाही. आणि मेक्सिकन हॉटेल कसं आहे हे ठरवायचं असेल तर माझ्या मते आधी टॉर्टियाच बघावी. चीज, सजावट, भिंतीवरच्या टोप्या नंतर.

आपण मका दळतो, गरम पाण्याने पीठ मळतो आणि थापतो. भाकरीच्या कडा चिरतात, गार झाली की ती मोडते. मेक्सिकोत मक्याचे वाळलेले अख्खे दाणे आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात आणि रात्रभर त्याच पाण्यात ठेवतात. सकाळी दाणा बोटांत चोळला की साल सुटून येते. मग तो धुऊन ओलाच वाटायचा. पूर्वी हे वाटण पाट्यावर व्हायचं. तिथल्या पाट्याला 'मेताते' म्हणतात आणि तोही बहुधा काळ्या बेसॉल्टचाच, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जातीच्या दगडाचा. त्या वाटलेल्या गोळ्याचं नाव 'मासा', आणि या सगळ्या कृतीला निक्स्तामल करणं म्हणतात. चुन्यामुळे पीठ एकजीव धरतं. टॉर्टिया तव्यावर फुलक्यासारखी फुगते आणि दुमडली तरी फाटत नाही.

यातली मला सगळ्यात थोर वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व असं बांधलेलं असतं की नुसता मका खाऊन ते शरीराला नीट मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते सुटं होतं. स्पॅनिश लोकांनी मका युरोपात नेला, पण चुन्याची कृती मागेच राहिली. पुढे उत्तर इटलीत आणि नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावरच दिवस काढणाऱ्या गरीब माणसांना पेलाग्रा झाला. कातडी सोलवटायची, भ्रम व्हायचा, माणसं दगावायची. मेक्सिकोतल्या बायका शेकडो पिढ्या जे करत होत्या, ते फक्त 'त्यांची रीत' म्हणून सोडून दिलं, त्याची ही किंमत. विड्याच्या पानाला लावतो तो चुना एवढं करतो, हे कळल्यापासून मी टॉर्टियाकडे निव्वळ चपातीचा प्रकार म्हणून बघू शकत नाही.

तर हॉटेलात गेल्यावर दोन प्रश्न विचारा. 'टॉर्टिया मक्याची की मैद्याची?' आणि 'इथेच करता की पाकिटातली?' नीट चालणाऱ्या स्वयंपाकघरातला माणूस या प्रश्नाने खूश होतो. टॉर्टिया गरम हवी, मऊ हवी, तिला भाजलेल्या मक्याचा आणि ओल्या चुन्याचा मंद वास हवा. शहरातल्या एका नावाजलेल्या ठिकाणी मला एकदा थंडगार, कडांना सुकलेली टॉर्टिया आली आणि वर चीजचा थर चढवून ती झाकलेली होती. तिथे मी परत गेले नाही.

मैद्याची टॉर्टिया खोटी मात्र नव्हे. गहू स्पॅनिश लोकांबरोबर आला आणि उत्तर मेक्सिकोत, विशेषतः सोनोरा भागात, गव्हाची टॉर्टिया घरोघरची झाली. बरिटो त्याच भागाकडचा, त्यामुळे तो गव्हाच्या टॉर्टियात येतो ते बरोबरच आहे.

टॅको, बरिटो, केसादिया, एन्चिलादा: फरक काय?

टॅको म्हणजे छोटी टॉर्टिया, त्यात सारण, हातात धरून दुमडायची आणि खायची. बरिटो म्हणजे मोठ्या गव्हाच्या टॉर्टियाची दोन्ही टोकं आत मुडपून बांधलेली वळकटी. स्पॅनिशमध्ये या शब्दाचा अर्थ 'छोटं गाढव'. केसादिया म्हणजे टॉर्टियात चीज घालून तव्यावर शेकलेली घडी. मेक्सिको सिटीत केसादिया मागितली तर 'चीज घालून की चीजशिवाय' असं विचारतात आणि यावरून बाकीचा देश राजधानीशी अजून भांडतो. एन्चिलादाचा अर्थ मिरचीत माखलेली: टॉर्टिया मिरचीच्या सॉसमध्ये बुडवून, सारण भरून, वर पुन्हा सॉस. ती काट्या-चमच्याने खायची. फाहिता टेक्सासची, तडतडत्या लोखंडी तव्यावर येते, त्यामुळे सिझलरवर वाढलेल्या पुणेकरांना ती लगेच आपली वाटते.

मेनूवर 'आल पास्तोर' दिसलं तर आवर्जून विचारा. मेक्सिकोत आलेल्या लेबनीज लोकांनी आपला शावर्मा सोबत आणला, त्यातून उभ्या सळईवर भाजलेलं हे मांस आलं. मूळ डुकराचं असतं, पुण्यात बऱ्याचदा चिकनचं करतात. वर अननसाची फोड असते.

उच्चाराचा धसका घेऊ नका. दोन एल जोडून आले की 'य' आणि जे आला की 'ह', एवढं लक्षात ठेवलं की निम्मं काम झालं. पण टॉर्टिला म्हटलं म्हणून वेटर कुणाला उपाशी पाठवत नाही.

फार तिखट असतं का?

हालापेन्योची तिखटाई साधारण २,५०० ते ८,००० स्कोव्हिल (तिखटपणा मोजायचं एकक). ठेच्याला सरावलेल्या जिभेला ती सहज पेलते. हाबानेरो मात्र १,००,००० च्या वर जाते; मेनूवर तो शब्द असेल तर कोल्हापूरच्या पाहुण्यांनीही आधी टोक लावून बघावं. चिपोत्ले म्हणजे पिकवून, धुरावर वाळवलेली हालापेन्यो. तिचा धुरकट वास आपल्या नेहमीच्या मिरच्यांना नाही.

खरं सांगायचं तर पुण्यातल्या लोकांची तक्रार उलट असते, 'काहीच तिखट नाही'. याचं कारण बाटलीतली सिरक्यातली हालापेन्यो. तिचा आंबटपणा पुढे येतो, मिरची मागे राहते. अशा वेळी ताजी साल्सा मागवा. साल्सा म्हणजे ठेच्याची बहीणच: भाजलेले टोमॅटो, भाजलेली मिरची, लसूण, कांदा, मीठ, लिंबू. मेक्सिकोत ती तीन पायांच्या दगडी खलात वाटतात. भाजण्याचे काळे डाग सालीवर दिसत असतील, तर हॉटेलवाल्याने मनापासून केली आहे असं समजा. हिरव्या साल्सात तिकडे तोमातियो हे फळ असतं. ते कच्चं टोमॅटो नव्हे, रसभरीच्या कुळातलं, कागदी वेष्टणात वाढणारं. इथे ते न मिळाल्यावर कच्चे हिरवे टोमॅटो वापरतात. चव वेगळी येते, पण चांगल्या हाताने केलेली तीही सुरेख लागते.

आम्ही शाकाहारी आहोत. पोटभर मिळेल का?

मिळेल, आणि उत्तम मिळेल. मक्याच्या टॉर्टियात भाजलेलं कणीस, भोपळी मिरची, मशरूम, रताळं, काळा घेवडा. शाकाहारी माणसासाठी हे स्वयंपाकघर फार उदार आहे. फक्त काही गोष्टी ऑर्डर देण्याआधी विचारून घ्या.

'रिफ्राइड बीन्स' मूळ कृतीत डुकराच्या चरबीत परततात. पुण्यात सहसा तेल वापरतात, तरी विचारावं. (नावाने फसू नका, मेक्सिकन स्पॅनिशमधला 'रे' इथे 'चांगलं परतलेलं' अशा अर्थाचा आहे, दोनदा तळलेलं नव्हे.) लाल भात आणि टॉर्टिया सूप यांत चिकनचं पाणी असू शकतं. काही प्रकारचं चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने, म्हणजे दूध घट्ट करणाऱ्या पाचकरसाने, करतात. आणि शाकाहारी-मांसाहारी एकाच तव्यावर, एकाच तेलात होतं का, हे ज्यांच्या घरी महत्त्वाचं आहे त्यांनी संकोच न करता विचारावं. मी मामींना घेऊन गेले तेव्हा आधी फोन करून विचारलं होतं. त्यांनी वेगळा तवा ठेवला आणि मामी निवांत जेवल्या.

कांदा-लसूण नको असेल तर अडचण जास्त. साल्सा, घेवडा, सॉस सगळं आधीच तयार असतं, त्यातून कांदा काढता येत नाही. ताजं ग्वाकामोले (अवोकाडोची चटणी) कांद्याशिवाय आणि चीज-भाजीची केसादिया, एवढ्यावर भागवावं लागतं.

'बीफ' लिहिलेलं असेल तर? महाराष्ट्रात गाईच्या कत्तलीवर आधीपासूनच बंदी होती, २०१५ पासून बैल आणि वळूही त्यात आले, त्यामुळे इथल्या मेनूवरचं बीफ म्हणजे सहसा म्हशीचं मांस. ते टाळायचं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगा.

चतुर्थी आहे. उपासाला चालेल असं काही?

हॉटेलात नको. मीठ, तेल, तवा सगळं एकच असतं.

पण या प्रश्नावरून आत्याशी झालेलं बोलणं सांगते. तिला म्हटलं, अगं, तू उपासाला जे खातेस त्यातलं किती तिकडूनच आलंय बघ. राजगिरा मेक्सिकोचा, आस्तेक लोकांचं ते धान्य. आजही मेक्सिकोत फुललेला राजगिरा मधात बांधून वडी करतात आणि तिला 'आलेग्रिया', म्हणजे आनंद, असं नाव आहे. आपली राजगिऱ्याची चिक्कीच ती. बटाटा, शेंगदाणा, साबुदाणा ज्याच्या कंदापासून होतो ते झाड, रताळं, हिरवी मिरची, हे सगळं अमेरिका खंडातलं. आत्या जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, 'म्हणजे देवाला आधीच माहीत होतं.' त्यानंतर मेक्सिकन जेवण तिच्यासाठी परकं राहिलं नाही. चिकू, सीताफळ, पेरू, पपई याच वाटेने आले. चिकूचं तर नावही आस्तेकांच्या नाहुआत्ल भाषेतून स्पॅनिशमार्गे आपल्यापर्यंत पोहोचलेलं. टोमॅटो, चॉकलेट आणि चिली हे शब्दही त्याच भाषेचे.

उलट दिशेनेही पुष्कळ गेलं. कोथिंबीर, कांदा, लसूण, तांदूळ, दूध-चीज हे सगळं स्पॅनिशांनी तिकडे नेलं. मेक्सिकोत टॅकोवर पिळतात ते छोटं, पातळ सालीचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबू. ते आशियातून गेलेलं. कोथिंबीर आणि लिंबाशिवाय टॅको पुढे येत नाही, तेव्हा मला वाटतं दोन्ही घरांची उसनवारी फिटलेली आहे.

आजी-आजोबांना काय मागवावं?

कडक टॅको शेल मागवू नका. दातांना त्रास होतो आणि पहिल्या घासाला सगळं सारण मांडीवर. मऊ मक्याच्या टॉर्टिया वेगळ्या मागवा, शेजारी काळ्या किंवा लाल घेवड्याची वाटी, थोडा भात, ताजी साल्सा, चिरलेला कांदा, लिंबू. आत्याने पहिल्यांदा हे ताट बघितलं, काटा-चमचा बाजूला ठेवला, टॉर्टियाचा तुकडा मोडून घेवड्याला लावला आणि भाकरी-उसळ खावी तशी जेवली. शेजारच्या टेबलावरची कॉलेजची मुलं बरिटोशी झटापट करत होती. बरोबर जेवत होती ती आत्या. मेक्सिकोच्या खेड्यातही टॉर्टियाचा तुकडा हाच चमचा असतो.

लहान मुलं?

चीजची केसादिया, सोबत कणीस. फाहिताचा तवा मुलांच्या हाताजवळ ठेवू देऊ नका. तो बराच वेळ तापलेला राहतो.

ग्वाकामोले एवढं महाग का? आणि कसं ओळखायचं?

अवोकाडोमुळे. आपल्याकडे तो कूर्ग, तमिळनाडूतल्या डोंगराळ भागात होतो, बाकी आयात होतो. झाडावर तो पिकत नाही, तोडल्यावर मऊ पडतो, आणि खाण्याजोगा काळ दोन-तीन दिवसांचा. हॉटेलवाल्यांचा बराच माल त्या गणितात वाया जातो. ग्वाकामोले हे नाव 'अवोकाडोचं वाटण' अशा अर्थाच्या नाहुआत्ल शब्दावरून आलं. त्यात अवोकाडो, मिरची, कांदा, कोथिंबीर, मीठ, लिंबू यांपलीकडे फारसं काही लागत नाही. हिरवं, थोडं भरड, गाठी राहिलेलं आलं तर ताजं. एकसारखं गुळगुळीत, फिकं, मेयोनेझचा वास असलेलं आलं तर परत पाठवायला हरकत नाही. वर तपकिरी थर दिसला तर ते सकाळचं आहे.

मोले म्हणजे काय? मेनूवर आहे पण कुणी मागवत नाही.

मागवा! वाळलेल्या मिरच्या वेगवेगळ्या भाजायच्या, तीळ, शेंगदाणे, मसाले, कांदा-लसूण भाजायचे, सगळं वाटून तासन्‌तास शिजवायचं. 'मोले पोब्लानो' या पुएब्ला शहराच्या प्रकारात थोडं कडवट चॉकलेटही पडतं. जिन्नस वीसच्या वर जातात. ज्याच्या घरी गोडा मसाला किंवा काळा मसाला भाजला जातो, त्याला हा वास ओळखीचा वाटेल. चॉकलेटच्या नावाने लोक बिचकतात. तो गोड पदार्थ नाही. चॉकलेट रंग आणि खोली देतं, पुढे मिरचीच येते. पुण्यात मोले क्वचित मिळतं कारण मिरच्याच मिळत नाहीत. ज्याने एवढी मेहनत घेतली आहे त्याचं मोले न खाता उठू नका.

शेंगदाण्याची किंवा गव्हाची अॅलर्जी असेल तर?

मोले टाळा, त्यात शेंगदाणे, तीळ आणि कधी कधी दाटपणासाठी पावही असतो. मक्याच्या टॉर्टियात गहू नसतो, पण तळणाचं तेल आणि तवा सामाईक असू शकतो. गव्हाचा खरा आजार असेल तर फक्त मेनूकार्डावर विसंबू नका, स्वयंपाकघरात विचारायला लावा.

प्यायला काय घ्यावं?

'आग्वा दे हामाइका' असेल तर तेच. गडद लाल, आंबट-गोड, थंड. हे लाल अंबाडीच्या बोंडांचं सरबत. आपण अंबाडीची भाजी करतो, भाकरीबरोबर खातो. तिच्याच जातीच्या झाडाची बोंडं वाळवून तिकडे घरोघर सरबत होतं. 'ओरचाता' हे तांदूळ भिजवून वाटलेलं, दालचिनी घातलेलं पेय, तिखटावर उतारा म्हणून फार चांगलं. लिंबू सरबतात चिया घालून देतात. चिया मेक्सिकोचाच, आणि तो सब्जासारखा फुगतो.

दारू घेणाऱ्यांसाठी: टकिला प्रामुख्याने हालिस्को राज्यात, निळ्या अगावेच्या गड्ड्यापासून होते. अगावे म्हणजे आपल्याकडे बांधावर, रेल्वेरुळाच्या कडेला दिसणाऱ्या घायपाताचा भाऊबंद. रोप तयार व्हायला सहा-आठ वर्षं लागतात. महाराष्ट्रात बिअर-वाइनसाठी वय २१ पूर्ण आणि टकिलासारख्या कडक दारूसाठी २५ पूर्ण लागतं. ओळखपत्र मागितलं तर रागावू नका. परतताना गाडी चालवणारा वेगळा ठरवा किंवा कॅब करा.

टेबल, पार्किंग, वेळ?

शनिवार-रविवारी रात्री आठनंतर बुकिंगशिवाय गेलात तर वेटिंग धरूनच चला. मी सातला जाते. स्वयंपाकघर ताजं असतं, माणसं दमलेली नसतात, टॉर्टिया गरम मिळते आणि शेजारच्याचं बोलणं न ऐकता स्वतःचं बोलता येतं. वाढदिवसासारख्या प्रसंगी आठपेक्षा जास्त जण असाल तर आदल्या दिवशी फोन करा.

कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांत पी-१, पी-२च्या पाट्या बघून गाडी लावा. तारीख सम की विषम हे विसरलं की गाडी उचलली जाते आणि जेवणाची सगळी गोडी जाते. वनाझ-रामवाडी मेट्रोने बंड गार्डन स्थानकाला उतरून पुढे रिक्षा करणं मला सोपं पडतं. कोथरूडहून निघणाऱ्यांनी तर गाडी काढूच नये.

किती मागवावं?

पहिल्या फेरीत थोडं. चौघांत एक ग्वाकामोले, दोन साल्सा, दोन-तीन प्रकारचे टॅको, एक एन्चिलादा, घेवडा आणि जादा टॉर्टिया, मग बघा. बरिटो बहुतेक ठिकाणी दोघांत एक पुरतो. नाचोजचं मोठं ताट आधी मागवलं की बाकीचं जेवण वाया जातं, हे मी दर वेळी सांगते आणि भाचरं दर वेळी तेच मागवतात.

बिलात सर्व्हिस चार्ज लावला आहे. द्यावाच लागतो का?

नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं की हॉटेलने तो आपोआप बिलात लावू नये, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम केलं. शांतपणे काढायला सांगा. काढला नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के. दारूवर जीएसटी नसतो, वेगळा व्हॅट असतो, म्हणून बिल दोन भागांत येतं. ती चूक नव्हे.

सर्व्हिस चार्ज काढला तरी टिप जरूर ठेवा, आणि शक्यतो रोख, वाढणाऱ्याच्या हातात. ज्या दादांनी आत्याला तीन वेळा गरम टॉर्टिया आणून दिल्या, त्यांच्यापर्यंत पैसे पोहोचायला हवेत. कॉलेजच्या मुलांनी टीटीएमएम (आपापले पैसे आपण) करायचं असेल तर ऑर्डर देतानाच सांगावं. एकच बिल आल्यावर सहा जणांत टॅको मोजत बसणं वेटरलाही नको असतं.

त्या हॉटेलात नोव्हेंबरमध्ये झेंडूची सजावट होती, ती दिवाळीची का?

बहुधा मृतांच्या दिवसाची असावी. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत घराघरांत गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे त्यांच्या आवडीचं जेवण मांडतात, दिवे लावतात आणि झेंडूच्या पाकळ्यांनी वाट आखतात, म्हणजे आत्म्यांना घर सापडावं. झेंडू मुळात मेक्सिकोचा, निशिगंधही. दसऱ्याचं तोरण ज्या फुलाशिवाय होत नाही, त्याच फुलाने तिकडे पितरांना बोलावतात. आपल्याकडे पक्षपंधरवड्यात पान वाढून ठेवतो तेव्हा मला आता दोन्ही घरं एकदम आठवतात. पुण्यातली काही हॉटेलं ५ मेला 'सिंको दे मायो' जोरात साजरा करतात. तो मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन नव्हे. १८६२ सालच्या पुएब्लाच्या लढाईत फ्रेंचांवर मिळवलेल्या विजयाचा तो दिवस आहे. स्वातंत्र्यदिन १६ सप्टेंबरला असतो.

घरी टॉर्टिया करता येईल का?

येईल. एक किलो वाळलेला मका घ्या, स्वीट कॉर्न नव्हे. तीन लिटर पाणी, दहा ग्रॅम खाण्याचा चुना. स्टीलच्या पातेल्यात मंद आचेवर साल सुटेपर्यंत शिजवा. अॅल्युमिनियमचं भांडं चुन्याने खराब होतं. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी चोळून तीन-चार पाण्यांनी धुवा, ओलाच वाटा. मिक्सर तापतो, थांबत थांबत फिरवा. दोन प्लास्टिकच्या कागदांमध्ये गोळा ठेवून दाबा आणि चांगल्या तापलेल्या बिडाच्या तव्यावर टाका. पहिल्या चार-पाच फाटतील. पीठ कोरडं वाटलं तर पाण्याचा हात लावा.

उरलेलं बांधून आणावं का?

बरिटो आणि घेवडा आणा. ग्वाकामोले आणू नका. टॉर्टिया उरल्या तर नक्की आणा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे तुकडे करून थोड्या तेलात कुरकुरीत करा, वर उरलेली साल्सा ओता, दोन मिनिटं शिजू द्या, कांदा-कोथिंबीर घाला. मेक्सिकोत याला 'चिलाकिलेस' म्हणतात आणि तो तिथला न्याहारीचा पदार्थ आहे. आत्याकडे मी हे केलं तेव्हा तिने पातेल्यात डोकावून बघितलं, म्हणाली 'हा तर शिळ्या पोळीचा कुस्करा', आणि वरून दही मागितलं. दह्याबरोबर चांगलंच लागतं.